दुसऱ्या नकलेचे न संपणारे काम कसे थांबवावे?

हिशेबाच्या दोन प्रती का ठेवाव्यात, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. आता कायदाही तेच सांगतो. जी.एस.टी. नियमावलीच्या नियम 57 प्रमाणे संगणकावरील हिशेबाचा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे, आणि वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावा लागतो. अहमदनगरच्या (2024 पासून अहिल्यानगर) कापड बाजारातील दुकानाचा हिशेब एका संगणकात मावतो. बँका, विमा कंपन्या, मोठी इस्पितळे यांच्याकडे मात्र पुष्कळ सर्व्हर असतात आणि त्यांचा बॅकअप घेणारे सॉफ्टवेअरही तसेच भारी असते. नेटबॅकअप हे त्यांपैकी एक. ते व्हेरिटास कंपनीचे. डिसेंबर 2024 पासून ते कोहेसिटी कंपनीकडे आहे. त्याच्या विकासाचे काम पुण्यातही वर्षानुवर्षे होत आले आहे, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील काही मुले त्यावर काम करीत असतील तर नवल नाही.

या सॉफ्टवेअरची रीत अशी. रात्री पहिली प्रत डिस्कवर घेतली जाते. मग ठरवून दिलेल्या धोरणाप्रमाणे तिची दुसरी नक्कल टेपवर किंवा दुसऱ्या शहरातील डिस्कवर होते. टेप जागेवर नसली, समोरची डिस्क भरली, लाइन तुटली किंवा मूळ प्रतच खराब निघाली, तर नक्कल फसते. सॉफ्टवेअर साधारणतः तीनदा प्रयत्न करते, नंतर दोन तास थांबते आणि पुन्हा सुरू करते. असे ते दिवसेंदिवस करीत राहते. कोणी हुकूम मागे घेतला नाही तर त्याला अंत नाही.

नवखा माणूस पडद्यावर फसलेले काम पाहतो आणि ते रद्द करतो. थोड्या वेळाने तेच काम पुन्हा हजर! मालकाने हमालाला गठडी घेऊन बंद गोदामावर पाठवले आणि वहीत नोंद तशीच ठेवली, तर हमालाला कितीही रागावा, मुनीम वही पाहून त्याला पुन्हा पाठवणारच. काट मारायची ती वहीत. ही वही म्हणजे नेटबॅकअपमधील धोरणाची यादी, आणि तिच्यावर हुकूम चालवणाऱ्या साधनाचे नाव एनबीएसटीएलयूटिल.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी त्या साधनाने संबंधित धोरण ‘इनॅक्टिव्ह’ करावे. यामुळे रोजचा पहिला बॅकअप चालू राहतो, फक्त नकला थांबतात. त्यानंतर पडद्यावरील चालू काम रद्द करावे. मग निवांतपणे कारण शोधावे. कारण दूर झाले तर ‘ॲक्टिव्ह’ म्हणावे, थांबलेल्या नकला पुढे सुरू होतात. एखादी प्रत मुळातच खराब असेल, तर तेवढ्याच प्रतीच्या क्रमांकावर ‘कॅन्सल’ द्यावे. घाईघाईत अख्ख्या धोरणावर ‘कॅन्सल’ देणे मात्र भलतेच महाग पडते, कारण त्या धोरणातील सर्व बाकी नकलांवर पाणी सोडावे लागते.

‘नक्कल फसते तर फसू दे, पहिली प्रत तर आहे’ असे म्हणून गप्प बसणेही धोक्याचे आहे. दुसरी नक्कल पूर्ण होईपर्यंत सॉफ्टवेअर पहिली प्रत मुदत संपली तरी पुसत नाही. हा दस्तूर रास्तच आहे, नाही तर नक्कल होण्याआधीच माल नाहीसा व्हायचा. पण परिणाम असा की डिस्कवर जुन्या प्रती साचत जातात आणि एक दिवस जागा संपते. तेव्हा त्या रात्रीचा बॅकअपच 129 क्रमांकाची सूचना देऊन फसतो. नकलेचा प्रश्न मग मूळ प्रतीचा होऊन बसतो. ‘इनॅक्टिव्ह’ करून विसरणाऱ्याचीही हीच गत होते, कारण थांबवलेल्या नकलाही बाकीच धरल्या जातात.

‘कॅन्सल’ दिल्यावर जागा मोकळी होते, पण त्या दिवसाच्या हिशेबाची एकच प्रत उरते, आणि तीही आपली मुदत संपली की पुसली जाते. त्यामुळे रद्द केलेल्या प्रतींचे क्रमांक व तारखा आधी लिहून ठेवाव्यात, आणि मूळ प्रत शाबूत असेल तर यंत्रणा दुरुस्त झाल्याबरोबर हाताने वेगळी नक्कल काढून घ्यावी. ती काढल्यावर एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून, उघडून पाहावी.