कुतूहल : रोबोटला धक्का कळतो कसा?

कारखान्यातले मोठे रोबोट जाळीच्या कुंपणाआड असतात. कारण उघड आहे: 1979 मध्ये मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात रोबोटच्या हाताचा फटका बसून एक कामगार दगावला होता. मग आजचे ‘कोबॉट’, म्हणजे माणसासोबत काम करणारे रोबोट, त्याच्या शेजारी कसे उभे राहतात?

त्यांच्या सांध्यांवर किती जोर पडतो आहे, हे सतत मोजले जाते. अंधारात चाचपडणारा हात भिंत लागताच थबकतो, तसा अनपेक्षित अडथळा येताच कोबॉट थांबतो. शरीराच्या कोणत्या भागाला किती दाब चालेल, हेही 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात नोंदले गेले.

धक्क्याची मर्यादा ठरली. कामाच्या गतीची कोण ठरवणार? न थकणाऱ्या यंत्राशी माणसाने दिवसभर बरोबरी करावी, हा मला अन्याय वाटतो. ही गती ठरवताना शेजारच्या कामगाराला विचारलेच पाहिजे.