शाकारलेल्या होडीचा विमा

मे महिना सरत आला की कर्ली खाडीच्या दोन्ही काठांवर, देवबागच्या मुखापासून आत वालावलपर्यंत, होड्या वर ओढून शाकारायची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि पर्यटकांच्या नौका साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. युरोपात होडी हिवाळ्यात विसावते. आपल्याकडे हिवाळा हा कमाईचा आणि पावसाळा हा विसाव्याचा काळ. ‘होडी पाण्यात नाही, मग विम्याचा हप्ता कशाला?’ हा प्रश्न मालकाला पडतो तो याच दिवसांत. प्रश्न स्वाभाविक आहे, पण विमा तुटू देणे हे त्याचे उत्तर नव्हे.

होडी वर ओढल्याने धोका संपत नाही, त्याचे रूप बदलते. युरोपातल्या मालकाची नौका निदान प्रवासाच्या दगदगीतून सुटते. आपली होडी नेमकी वर्षातल्या सर्वांत वाईट हवामानात उघड्यावर असते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका नांगर तुटून वाहून गेल्या आणि खलाशांचे जीव गेले. त्या नौका भर समुद्रात नव्हत्या, आसऱ्याला होत्या. आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेही एरवी होड्या वर ओढलेल्या असतात त्याच दिवसांत. खाडीच्या आत वालावलसारख्या ठिकाणी समुद्राची लाट पोहोचत नाही हे खरे, पण डोंगरातून येणारे पुराचे पाणी, कोसळणारा माड आणि इंजिनाची चोरी यांना खाडीचा आडोसा पुरत नाही.

विमा व्यवसायाला विसाव्याच्या काळाची जाण फार पूर्वीपासून आहे. नौकांच्या अनेक पॉलिसींमध्ये होडी बंद असलेल्या महिन्यांसाठी हप्त्यात सूट किंवा परतावा देण्याची तरतूद असते. म्हणून पॉलिसी तोडण्याऐवजी ही तरतूद मागून घ्यावी. मात्र त्यासोबत अट येते: होडी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक जागी, बंद राहील. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे अशी हमी तंतोतंत पाळावी लागते. कागदावर देवबाग लिहून होडी वालावलला ठेवली, किंवा उघडीप मिळाली म्हणून जुलैत एक फेरी मारली, तर दावा अडचणीत येतो.

यावर पहिला आक्षेप असा की कंपन्या शेवटी पैसे देत नाहीत. दावे नाकारले जातात हे खोटे नाही. पण काही गोष्टी कायद्यानेच विम्याबाहेर ठेवल्या आहेत: पॉलिसीत वेगळे नमूद नसेल तर नेहमीची झीज, वस्तूतला मूळ दोष आणि उंदीर-घुशींनी केलेली नासाडी. तीन महिने झापाखाली ठेवलेल्या होडीला नेमके हेच भोवते. त्यासाठी देखभालच हवी. विमा वादळासाठी आहे. वर ओढतानाचे तारखेसह फोटो आणि नोंदणीची कागदपत्रे जवळ असली, की वादळाचे नुकसान आणि जुनी झीज वेगळी दाखवता येते.

दुसरा आक्षेप, सरकार मदत करतेच. मदत मिळते, पण ती भरपाई नव्हे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला १५,००० रुपये आहेत. एवढ्यात चांगले आउटबोर्ड इंजिनही येत नाही. मत्स्यसंपदा योजनेतला ५ लाखांचा अपघात विमा मच्छीमाराच्या मृत्यूसाठी किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी आहे, होडीसाठी नाही. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा आहे: उत्पन्न थांबलेल्या महिन्यांत हप्ता जड जातो. म्हणून पॉलिसीचे नूतनीकरण जूनमध्ये येऊ न देता हंगामात, हातात पैसा असताना, येईल असे पाहावे. मच्छीमार सहकारी संस्थांनी सभासदांसाठी एकत्रित बोलणी केली तर एकट्या मालकापेक्षा त्यांचा शब्द वजनदार ठरेल.

होडीवर झाप चढवण्याआधी पॉलिसीची तीन कलमे वाचा: मुदत कधी संपते, बंद काळासाठी काय लिहिले आहे, आणि ठेवण्याची जागा कोणती. शंका असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, आणि ते मेमध्येच घ्या.