तळ्याकाठचा मनोमय कोश

पंचकोशांतला मनोमय कोश समजून घ्यायचा तर सोलापूरकरांनी सिद्धेश्वर तलावाची कथा आठवावी. १२ व्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला, गावाच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली. लोकांची तहान भागवणारं पुण्याचं काम. अशा ऐन खोदकामात शिवशरण संत अल्लमप्रभू येऊन ठाकले आणि मजुरांना विचारू लागले, दगडमाती उपसणारा तुमचा तो राम कुठाय? गुरूचा एकेरी उल्लेख ऐकून मजूर खवळले. त्यांनी दगड भिरकावले. पाठोपाठ सिद्धराम आले, तेही संतापलेलेच. १५ व्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात हा प्रसंग येतो.

घाम गाळत होतं ते अन्नमय शरीर, ते चालवत होता प्राण. मग राग कुठून उसळला? ‘माझं तळं, माझा गुरू’ हे जिथे ठाण मांडून बसतं तिथून. तोच मनोमय कोश.

योगवर्गात हे कोश बरेचदा पतंजलींच्या नावावर खपवले जातात. योगसूत्रांत ते नाहीत. मूळ आहे तैत्तिरीय उपनिषदात: अन्न, प्राण, मन, विज्ञान, आनंद, अशी एकाच्या आत दुसरी पातळी. बाहेरचं आतल्यानं भरलेलं असतं, असं उपनिषद म्हणतं. म्हणून कांद्याच्या पाकळ्या सोलाव्यात तसे कोश सुटे करता येत नाहीत. मन बिघडलं की श्वास अडखळतो, अन्न गोड लागत नाही.

पुढे वेदान्तानं नेमकी वाटणी केली. पाच ज्ञानेंद्रियांसह मन म्हणजे मनोमय, त्याच इंद्रियांसह बुद्धी म्हणजे विज्ञानमय. कानावर शब्द पडला, मन म्हणालं ‘अपमान!’ किंवा ‘नसेलही’. हा संकल्प-विकल्पाचा खेळ मनाचा. निवाडा बुद्धी करते. त्या दिवशी निवाड्याआधीच दगड सुटले होते.

अल्लमांना तलावाचं वावडं होतं, असं मला वाटत नाही. त्यांचं बोट कर्तेपणावर होतं, आणि सिद्धरामांना ते उमगलं, ही त्यांची खरी थोरवी. ते अल्लमांसोबत कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले, शरण चन्नबसवण्णांनंतर तिथल्या शरणांच्या शून्यपीठाचे अधिपती झाले. तलावाचं पाणी लोकांचंच राहिलं.

या कोशाशी थेट भिडतो तो पतंजलींचा प्रत्याहार: इंद्रियांना विषयांमागे धावू न देणं. आपल्याकडच्या तासाभराच्या आसनवर्गात त्याला जागाच उरत नाही, याचं वाईट वाटतं.