शेततळ्यातील मत्स्यपालन : एरेटर नेमका कुठे बसवावा?

पूर्णा तालुक्यातील चुडावा असो की मराठवाड्यातील दुसरे एखादे गाव, शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ किंवा सायप्रिनस सोडले की काही महिन्यांनी एरेटरचा प्रश्न येतोच. बहुतेक जण किती एचपीचा घ्यावा हे विचारतात. तो कुठे बसवावा आणि पाणी कोणत्या दिशेने फेकावे, हे क्वचितच विचारले जाते. मग विजेचा खांब जवळ आहे किंवा केबल तेवढीच पुरते म्हणून एरेटर काठाला, एखाद्या कोपऱ्यात बांधला जातो. चाक फिरते, फेस दिसतो, पण निम्मे तळे जागचे हलत नाही. असे होऊ नये म्हणून पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

तळ्यातील पाण्याचे गणित

'मागेल त्याला शेततळे' योजनेतील ३० × ३० × ३ मीटरचे तळे घ्या. बाजूंचा उतार १:१ धरला तर तळाशी २४ × २४ मीटर जागा राहते आणि पूर्ण भरल्यावर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात प्रतिलिटर १ मिलिग्रॅम प्राणवायू वाढवायचा तर सुमारे २.२ किलो प्राणवायू विरघळावा लागतो. १ एचपीचा पॅडल व्हील एरेटर प्रत्यक्ष तळ्यात तासाला साधारण एक किलोच्या आत-बाहेर प्राणवायू देतो. म्हणजे एवढी वाढ होण्यास दोन-तीन तास लागतात, आणि त्याच वेळी मासे, शेवाळ व तळाचा गाळ प्राणवायू वापरतच असतात.

त्यातच २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाला साडेसातच. कार्प माशांसाठी तो ५ च्या वर असावा. ३ च्या खाली मासे ताणाखाली येतात, खाद्य सोडतात. उन्हाळ्यात हाताशी फारसे काही शिल्लक नसते. म्हणून एरेटर जेवढे पाणी फिरवेल, तेवढाच त्याचा उपयोग.

जागा व दिशा कशी ठरवावी?

- एकच एरेटर असल्यास : तो तळ्याच्या मध्यभागी किंवा कोपऱ्यात ठेवू नये. एका काठापासून ४ ते ५ मीटर आत घ्यावा आणि पाण्याचा फेक त्या काठाला समांतर ठेवावा. पाणी काठाकाठाने पुढे सरकून संपूर्ण तळ्यात गोल फिरते.
- दोन एरेटर असल्यास : समोरासमोरच्या काठांजवळ बसवावेत. एकाचा फेक पूर्वेकडे असेल तर दुसऱ्याचा पश्चिमेकडे असावा, म्हणजे दोन्ही मिळून एकाच दिशेने पाणी फिरवतात. दोघांची तोंडे एकमेकांकडे ठेवल्यास प्रवाह मध्ये आदळून मरतो. घरातील काचेच्या मत्स्यटाकीत प्रवाहाचे पंप लावणाऱ्यांनाही हीच अडचण येते.
- वारा : तुमच्या तळ्यावर बहुतेक वेळा ज्या दिशेने वारा वाहतो, त्याच दिशेने फेक ठेवल्यास वाऱ्याची मदत मिळते.
- खाद्य : गोल फिरणाऱ्या पाण्यात विष्ठा व उरलेले खाद्य मध्यभागी जमते. त्यामुळे खाद्याच्या पिशव्या मध्यभागी न बांधता काठाकडील संथ प्रवाहात बांधाव्यात.
- पात्यांची बुडी : पाती ८ ते १० सेंटिमीटर पाण्यात असावीत. जास्त बुडाल्यास मोटारीवर भार येतो, कमी बुडाल्यास पाणी ढकलले जात नाही.

बाटल्यांची सोपी चाचणी

प्लॅस्टिकच्या दहा-बारा रिकाम्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत पाऊण भागापर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावा, म्हणजे त्या वाऱ्याने न ढकलता प्रवाहाबरोबर जातील. वारा पडलेला असताना एरेटर सुरू करून अर्ध्या तासाने बाटल्या तळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी सोडा. ज्या कोपऱ्यात बाटल्या अडकून राहतात, तेथे पाणी साचून राहते. एरेटरची दिशा थोडी बदलून पुन्हा पाहा. कृषी सहायकांनी शिवारफेरीत ही चाचणी करून दाखवावी. खर्च काहीच नाही.

खोल पाण्याचे काय?

पॅडल व्हील प्रामुख्याने वरचे पाणी हलवतो. तीन मीटर खोल तळ्यात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली थंड पाण्याचा थर तयार होतो. खालच्या थरातील प्राणवायू गाळ कुजण्यात संपतो. ढगाळ हवामानानंतर जोराचा पाऊस झाला की हे थर एकदम मिसळतात आणि एका रात्रीत मासे मरतात.

यावर उपाय म्हणजे असलेला सबमर्सिबल पंप तरंगत्या पिंपाला टांगून, तळापासून सुमारे अर्धा मीटर वर ठेवावा आणि ते पाणी तुषाराप्रमाणे पृष्ठभागावर पाडावे. पंपाला जाळी लावावी. तो अस्तरावर टेकवू नये. सौरपंप असल्यास दुपारी रोज तास-दीड तास हे काम होते. गाळ खूप साचला असेल तर पहिल्या दिवशी १०-१५ मिनिटेच चालवून वेळ हळूहळू वाढवावा.

केव्हा चालवावा?

रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. एरेटर मध्यरात्रीनंतर सुरू करून ऊन पडेपर्यंत चालवावा. ज्या आठवड्यात थ्री-फेज वीज फक्त दिवसा असते, त्या आठवड्यासाठी सिंगल-फेज एरेटर किंवा जनरेटरची सोय हवी. ती नसेल तर माशांची संख्याच कमी ठेवावी.

पाणी उतरल्यावर जागा बदला

वरील तळ्यात पाणी दीड मीटरवर आले की साठा निम्म्याहूनही कमी, सुमारे ९ लाख ७५ हजार लिटर उरतो. मासे मात्र तेवढेच आणि वजनाने वाढलेले असतात. काठ आत सरकल्याने एरेटरही आत घ्यावा लागतो. याच वेळी मोठे मासे काढून विकावेत.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर

१. खाद्य व शेण टाकणे ताबडतोब थांबवावे.
२. एरेटर सुरू करून एकाच जागी ठेवावा. मासे त्या चांगल्या पाण्याकडे जमतात. जागा बदलल्यास त्यांची धावपळ होते.
३. तळाचा गाळ ढवळू नये.
४. विहिरीचे पाणी सोडायचे असल्यास उंचावरून, फवाऱ्याने पाडावे. बोअरच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो.

जिवाची काळजी आधी

एरेटरच्या लाइनवर ईएलसीबी आणि योग्य अर्थिंग असावे. केबलचा जोड पाण्यात किंवा अस्तरावर पडू देऊ नये. एरेटर चारही बाजूंनी नायलॉन दोरीने बांधावा. लोखंडी तार अस्तर फाडते. दिशा बदलताना आधी वीज बंद करावी. अस्तराचा उतार निसरडा असतो, पडलेला माणूस स्वतःहून वर येऊ शकत नाही. म्हणून काठावर गाठी मारलेले दोर व हवा भरलेली ट्यूब कायम ठेवावी, कुंपण करावे आणि एकट्याने तळ्यात उतरू नये.