धुऱ्यावरचे रुमाल
(लेखांक सातवा)

आश्विनातल्या सकाळी, सूर्य हातभरही वर आलेला नसताना, सेलूहून बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेने पऱ्हाटीच्या वावरांमधल्या धुऱ्यांवर ज्याने नजर टाकली असेल, त्यास गवताच्या बुडाशी अंथरलेले, दंवाने पांढरे पडलेले लहानमोठे रुमाल दिसल्यावाचून राहिले नसतील. आणि वाकून पाहण्याची तसदी त्याने घेतली असेल, तर रुमालाच्या एका अंगास नरसाळ्यासारखे विवर व त्याच्या तोंडाशी पुढचे पाय टेकून बसलेला करडा धनीही त्याच्या दृष्टीस पडला असेल. उन्हे चढली, दंव उडाले, की सारी वसाहत अदृश्य होते. जागची हलत मात्र नाही.

गतांकी लांडगा-कोळ्यांच्या, म्हणजे लायकोसिडी कुलाच्या, परिचयात आपण म्हटले होते की ही मंडळी जाळे न विणता जमिनीवर धावून शिकार करतात. ते विधान आज अंशतः मागे घेणे प्राप्त आहे. दोन हजारांहून अधिक जातींच्या या कुलात जाळ्यावर संसार थाटणाऱ्या प्रजाती मोजक्या: अमेरिकेत सोसिपस, ऑस्ट्रेलियाच्या बाजूस व्हेनोनिया, आणि आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेली, आपल्या धुऱ्यांवरची हिप्पासा.

आता केवळ जाळ्याची साक्ष ग्राह्य धरावी, तर हा कोळी भलत्याच घराण्याच्या खाती जमा होतो. कारण अजेलेनिडी नावाच्या, नात्याने दूरच्या कुलातील कोळीही असेच नरसाळे विणतात, आणि शरीराच्या मागील टोकास लांबट, दोन पेरांचे, सूत काढणारे अवयव बाहेर डोकावावेत, हे लक्षणही दोघांस समान आहे. फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमों याने 1884 साली एका जातीस 'अजेलेनॉइडिस', म्हणजे अजेलेनासारखी, हे नाव दिले. तेव्हा हे साम्य त्याच्या डोळ्यांत भरलेले होते हे उघड आहे. परंतु साम्यास भुलून त्याने तिला त्या कुलात ढकलले नाही. लांडगा-कोळ्यांतच ठेवले व पुढल्याच वर्षी तिच्यासाठी हिप्पासा ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. हा निवाडा मला मोठा समंजस वाटतो.

निवाड्याचा खरा आधार डोळे. अजेलेनिडींचे आठही डोळे लहान व बहुधा सारख्याच मापाचे असतात. हिप्पासाच्या तोंडावर खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्या वर समोर रोखलेले दोन मोठे, व त्यांच्या मागे आणखी दोन, अशी मांडणी साध्या भिंगातूनही दिसते. दुसरा आधार मातेचा. अजेलेनिडींची मादी अंड्यांची पिशवी कोठेतरी चिकटवून ठेवते. हिप्पासाची मादी जाळ्याची धनीण असूनही ती पिशवी मागच्या अवयवांस जोडून हिंडते, आणि पिल्ले बाहेर पडली की त्यांस पाठीवर घेते. घर बदलले, पण घराण्याचा शिरस्ता सुटला नाही.

प्रजाती ठरली, तरी जातीची मोजणी शिल्लकच राहते. ब्लॅकवॉलने 1867 मध्ये वर्णिलेली ग्रीनॅलिई, पोकॉकने 1900 मध्ये दाखल केलेल्या लायकोसिना व पिसॉरिना, ग्रेव्हलीची 1924 सालची मद्रासपटाना, अशा नोंदी साठत गेल्या; पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण केंद्रात दीर्घकाळ काम केलेले बी. के. टिकादर यांनी मल्होत्रा यांच्यासह 1980 साली भारतीय लांडगा-कोळ्यांचे दप्तर एकत्र लावले, तेव्हा कोठे इकडच्या अभ्यासकास हाताशी धरण्याजोगा ग्रंथ मिळाला. त्यातली वर्णने वाचताना ध्यानात येते की पाठीवरचे पट्टे व ठिपके यांवर फारशी भिस्त ठेवता येत नाही. निर्णय होतो तो मादीच्या पोटाखालील जननद्वाराच्या कठीण पट्टीवरून, किंवा नराच्या मुखाजवळच्या आखूड, पायासारख्या अवयवांच्या फुगीर टोकांवरून, आणि तोही सूक्ष्मदर्शकाखाली. हे दोन्ही अवयव शेवटची कात टाकल्यावाचून पूर्ण घडत नाहीत. म्हणून धुऱ्यावर कोवळे कोळी सापडले, की वहीत 'हिप्पासा, अपक्व' एवढेच लिहून मी पुढल्या रुमालाकडे वळतो.