कार्यालयीन ईमेल: नेमका आणि जबाबदार

कार्यालयीन ईमेल हा लेखी व्यवहार असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता असल्याने तो पुरावा म्हणूनही पुढे येऊ शकतो. म्हणून विषयाच्या ओळीत काम आणि मुदत दोन्ही असावीत: ‘मार्चची बिले: मंजुरी शुक्रवारपर्यंत हवी’. मजकुरात आधी मागणी, मग कारण आणि शेवटी कोणी काय करायचे ते लिहावे.

ज्याने काम करायचे त्याचा पत्ता ‘टू’मध्ये, ज्याला केवळ माहिती द्यायची त्याचा ‘सीसी’मध्ये घालावा. ‘बीसीसी’तील पत्ते इतरांना दिसत नाहीत, त्यामुळे अनेक ग्राहकांना एकत्र कळवताना त्यांचे पत्ते तिथेच सुरक्षित राहतात. ‘रिप्लाय ऑल’ दाबण्यापूर्वी नावे तपासावीत. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर मसुद्यातच राहू द्यावा; समोरच्याच्या सर्व्हरवर पोहोचलेला ईमेल सहसा परत घेता येत नाही.