जमीन पाणी पीत नाही तेव्हा

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातला सेल्मा ते माँटगमेरी हा रस्ता इतिहासाच्या पुस्तकांत गेला आहे. १९६५ साली कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह हजारो माणसं याच ८७ किलोमीटरच्या रस्त्यावरून चालली. वाटेत लाउंड्स नावाचा परगणा लागतो. वस्ती जेमतेम दहा हजार, बहुसंख्य कृष्णवर्णीय, घरं विखुरलेली. इथल्या कित्येक घरांच्या मागे एक प्लॅस्टिकचा पाइप दिसतो. तो संडासातून निघतो आणि परसातल्या खड्ड्यात नाहीतर ओहोळात मोकळा होतो. ज्यांनी पदरमोड करून सेप्टिक टाकी बसवली, त्यांचीही सुटका नाही. मोठा पाऊस झाला की मैलापाणी उलटं फिरतं आणि न्हाणीघराच्या मोरीतून वर येतं.

दोष जमिनीकडे जातो. या भागाला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात, ते आधी काळ्या मातीमुळे. ओली झाली की ही माती फुगते, चिकट होते, पाण्याला वाट देत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. परभणी-यवतमाळच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपली काळी बसाल्टपासून झाली, तिथली मऊ चुनखडकावर बसली आहे. फुगणाऱ्या चिकणमातीचा स्वभाव मात्र एकच. कापूसही दोन्हीकडे पिकला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हा मुंबईचे व्यापारी इकडच्या कापसावर गब्बर झाले होते.

सेप्टिक टाकीत मैला स्वच्छ होतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात टाकी अर्धंच काम करते, तेही सोपं अर्धं. पाणी तिच्यात एक-दोन दिवस थांबतं. जड गाळ तळाशी बसतो आणि हळूहळू कुजतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं गढूळ पाणी पुढे जातं. त्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. ते नाहीसे होतात पुढच्या मातीत, आणि तेही मातीत ओल आणि हवा दोन्ही असतील तरच. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तशी दोन-तीन फूट माती पाण्याला मिळाली, की मातीतले सूक्ष्मजीव घाणीचा फडशा पाडतात आणि जंतू कणाकणाला चिकटून मरतात. माती चिंब असेल तर हवा नाही आणि हवा नाही तर सफाई नाही.

मग जिथे अशी माती नाही, तिथे ती बाहेरून आणून रचायची. अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये १९४०च्या दशकात सुरू झालेली ही कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात पक्क्या गणितावर बसवली. टाकीतलं पाणी आधी पंपाच्या कुंडीत येतं. तिथून पंप ते थोडं थोडं, ठरावीक अंतराने, वाळूच्या उंचवट्यावर चढवतो. उंचवट्याच्या माथ्यावर खडीचा थर, खडीत बारीक भोकांचे पाइप, वर माती आणि गवत. बाहेरून पाहणाऱ्याला ती अंगणातली हिरवी टेकडीच वाटते. दोन हप्त्यांमधल्या वेळात वाळू निथळते, तिच्यात पुन्हा हवा शिरते. खालच्या चिवट जमिनीपर्यंत पोचेस्तोवर पाणी बरंच सुधारलेलं असतं आणि लांबट, अरुंद पट्ट्यात पसरल्यामुळे त्या जमिनीला ते सावकाश पचवता येतं.

या कामातली खरी कसोटी बांधकामाची. उंचवट्याखालची जमीन सपाट करून धुम्मस मारायची नसते. उलट ती उताराला आडवी नांगरायची, म्हणजे वाळू आणि मूळ माती यांचा सांधा मोकळा राहतो. ओल्या जमिनीवर एकदा ट्रॅक्टर फिरवला की मातीची छिद्रं दबतात आणि सगळा खर्च पाण्यात जातो. वाळूसुद्धा धुतलेली, मध्यम दाण्याची लागते. जिथे उंचवट्याला जागा नाही, तिथे आधी यंत्राने हवा खेळवून पाणी सुधारतात आणि जमिनीत वीतभर खोल पुरलेल्या ठिबकच्या नळ्यांनी थेंबथेंब सोडतात.

लाउंड्समध्ये अशा यंत्रणेचा खर्च सहज वीस हजार डॉलरच्या पुढे जातो. जिथे अनेकांची वर्षाची कमाई त्याच्या आसपास, तिथे हा उपाय कागदावरच राहतो. त्यावर कडी म्हणजे, मैलापाण्याची सोय नाही म्हणून लोकांवर फौजदारी कारवाई होत असे. याच परगण्यात वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा विषय वेशीवर टांगला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथल्या ५५ जणांच्या शौचाच्या नमुन्यांपैकी १९ नमुन्यांत अंकुशकृमीचे अंश सापडले. नमुना लहान होता, पण अमेरिकेतून हा जंत हद्दपार झाला या समजाला धक्का बसला. मे २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य विभागाशी करार करून ही कारवाई थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो करारच गुंडाळला.

महाराष्ट्रात अडचणीच्या जमिनींचा तुटवडा नाही. काळ्या रानात शोषखड्डा पावसाळ्यात तुडुंब भरतो. किनाऱ्यालगतच्या पुळणीत भूजल इतकं वर असतं की खड्डा खणताच पाणी लागतं. कोकणातल्या जांभ्याचं दुखणं उलटं: भेगा आणि पोकळ्यांतून पाणी झरकन निघून जातं, गाळलं न जाताच, आणि शेजारच्या विहिरीत उतरतं. खड्डा कोरडा दिसतो म्हणून घरमालक खूश असतो, पण धोका इथेच जास्त.

यावरचं उत्तर आपल्याकडेही छापील आहे. सेप्टिक टाक्यांसाठीचं भारतीय मानक २४७० सांगतं की पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवी. भूजल १.८ मीटरच्या आत असेल तर पाझर-चर अंशतः किंवा पूर्णपणे जमिनीच्या वर, उंचवट्यात बांधावेत, असंही त्यात आहे. आणि अगदीच न मुरणाऱ्या चिकणमातीत खड्ड्याचा नाद सोडून गाळणीची टाकी बांधावी. पण गावोगावी काम चालतं गवंड्याच्या अंदाजावर. टाकी हवी त्याहून मोठी, कधी तळच नसलेली. शोषखड्डा नाहीच आणि निघालेलं पाणी सरळ गटारात.

टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही तर तो वाहून पुढे येतो आणि खड्डा असो वा उंचवटा, दोन्ही बुजतात. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ पासून तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने टाक्या उपसायला सुरुवात केली, हे इतरांनी उचलण्यासारखं आहे. उपसा यंत्रानेच व्हावा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

नवं घर बांधणाऱ्यांनी एक चाचणी मात्र जरूर करून घ्यावी. पाणी जिथे मुरवायचं तिथे, तेवढ्याच खोलीचा छोटा खड्डा घ्यायचा, रात्रभर पाण्याने भिजत ठेवायचा आणि सकाळी पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो; तासाहून जास्त लागला तर नाही. ही चाचणी मे महिन्यात नव्हे, ऐन पावसाळ्यात करावी, आणि आकडा हाती आल्याशिवाय गवंड्याला खोदाई सुरू करू देऊ नये.